मदत हवी आहे : उपग्रह प्रतिमेवरून बर्फाची जाडी कशी काढायची?

कोराकागद: तीन दिवस अडकलोय. एनडीएसआय (दृश्य आणि इन्फ्रारेड प्रकाशाच्या परावर्तनावरून काढलेला बर्फाचा निर्देशांक) काढला, 0.4 च्या वरचे सगळे पिक्सेल बर्फ धरले. आता त्यावरून जाडी काढायची आहे, पण काठीने मोजलेल्या आकड्यांशी मेळच बसत नाही. 20 सेंमीला 0.8 आणि दीड मीटरलाही 0.8! सूत्र कुठे चुकतंय? शुक्रवारी द्यायचंय, लवकर सांगा.

रिमझिम: उपग्रह कोणता? डोंगर की सपाटी? बर्फ कोरडा होता की ओला? काहीच लिहिलं नाहीत.

कोराकागद: सेंटिनेल-2. डोंगर. बाकीच्याने काय फरक पडतो?

जुनाखडक: सूत्र बरोबर आहे हो. एनडीएसआय बर्फ आहे की नाही एवढंच सांगतो. प्रकाश वरच्या थरातूनच परत फिरतो; खाली वीतभर आहे की पुरुषभर, त्याला कळायचा मार्गच नाही. रडार घ्या. सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाचं व्हीएच-व्हीव्ही गुणोत्तर (उभी लहर सोडल्यावर आडवी किती परत आली आणि उभी किती, याचं) बर्फ साठेल तसं वाढतं. 2019 मध्ये उत्तर गोलार्धातल्या डोंगरांचे 1 किमीचे नकाशे त्यावरूनच केले होते.

रिमझिम: कोरड्या बर्फात! ओल्यात रडारची लहर शोषली जाते. म्हणून तर विचारलं.

जुनाखडक: पहाटेची फेरी घ्यावी, रात्रीतून गोठलेला असतो.

रिमझिम: वरचा पापुद्रा गोठतो, आत पाणी राहतंच. मी दोन हंगाम यातच घालवलेत.

थेंबथेंब: जाडीपेक्षा पाणी बघा. ताज्या भुसभुशीत बर्फाची घनता घनमीटरला 100 किलो, दबलेल्याची 300-400. मीटरभर थरातून 10 सेंमी पाणी निघेल किंवा 40 सेंमी.

कोराकागद: पाणी नकोय, जाडीच हवी. आणि हो, वितळायला सुरुवात झाली होती.

रिमझिम: मग रडार सोडा. स्टिरिओ जोड्या घ्या, म्हणजे एकाच जागेच्या दोन कोनांतून टिपलेल्या प्रतिमा; त्यावरून उंची काढता येते. बर्फ असतानाच्या उंचीतून बर्फ नसतानाची उंची वजा करायची. आधी उघड्या कातळावर दोन्ही नीट जुळवा. तरी प्लेयादेससारख्या बारीक तपशील टिपणाऱ्या उपग्रहाच्या जोडीतही अर्धा मीटर चूक धराच, तुमचे 20 सेंमी त्यात दिसणार नाहीत.

जुनाखडक: काठ्या कुठे रोवल्या होत्या?

कोराकागद: एक मोठ्या खडकाच्या आडोशाला, वाऱ्याने तिथे ढीग लागला होता. दुसरी उघड्या उतारावर, आठ मीटरवर.

जुनाखडक: एनडीएसआयला लागणाऱ्या इन्फ्रारेड पट्ट्याचा पिक्सेल सेंटिनेल-2 मध्ये 20 मीटरचा असतो. दोन्ही काठ्या एकाच पिक्सेलमध्ये नाहीत ना?

कोराकागद: आत्ता बघितलं. एकाच आहेत. बर्फ नसतानाची स्टिरिओ जोडी कुणाकडे असेल तर सांगा, जागेचे अक्षांश-रेखांश व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.