मदत हवी आहे: गणपतीच्या सुट्टीआधी आठवीच्या इंग्रजी व्याकरणाची उजळणी

देवगड तालुक्यातली मराठी माध्यमाची १४ मुलं, हाताशी १५ तासिका, प्रत्येकी ४० मिनिटांची. काळांचा तक्ता सगळ्यांना घडाघडा येतो, पण लिहायला बसली की 'आय बोट इन सॅट', 'माय फादर गो टू सी', 'ही डिड नॉट वेन्ट'. सुरुवात कुठून करावी? आणि परिच्छेदलेखन कधी घ्यावं?

खाडीपलीकडे:
तक्ता बाजूला ठेवा. या तिन्ही चुका मराठीतून आल्यात आणि तिघींची कारणं वेगळी आहेत.

पहिली क्रमाची. 'मी होडीत बसलो' यात क्रियापद शेवटी येतं आणि 'त' होडीला मागून चिकटतो. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला लागून येतं आणि 'इन' होडीच्या आधी. शब्दांच्या चिठ्ठ्या करा आणि बाकावर जुळवून घ्या: कोण, काय केलं, कुठे. तीन तासिका यातच जाऊ देत.

'डिड नॉट वेन्ट' का होतं? 'गेला नाही' म्हणताना 'गेला' भूतकाळातच राहतो, म्हणून मूल 'वेन्ट' सोडत नाही. इंग्रजीत भूतकाळाची खूण एकदाच लागते. ती 'डिड'ने घेतली की 'गो' मूळ रूपात. 'डझ नॉट गोज'चंही तेच, तिथे एस 'डझ'ने घेतलेला असतो. होकारार्थी वाक्य नकारार्थी करणं आणि त्याचा प्रश्न करणं, अशी रोज १० वाक्यं घ्या.

'फादर गो' मात्र नीट तपासा. आपण 'बाबा जातात' म्हणतो, आदरार्थी बहुवचन. मुलाच्या डोक्यात बाबा म्हणजे इंग्रजीतला 'दे' (ते), मग 'गोज'चा एस गळतो. काही मुलं 'माय फादर आर' लिहितात तेही यामुळेच.

धागाकर्ता:
मग आईच्या वाक्यात ही चूक व्हायला नको?

खाडीपलीकडे:
बरोबर, आणि तीच परीक्षा. 'आई बाजारात जाते' आणि 'बाबा समुद्रावर जातात' दोन्ही इंग्रजीत लिहायला द्या. फक्त बाबांच्या वाक्यात एस गळला, तर बहुधा आदरार्थी बहुवचन आडवं येतंय. अशा मुलाला कर्त्याच्या जागी इंग्रजीतला 'ही' (तो) घालून वाक्य पुन्हा वाचायला लावा. दोन्हीकडे गळला तर सरावच कमी आहे, तोंडी घ्या.

काजूची_बी:
उपपदांना ('अ', 'ॲन', 'द') दोन तासिका पुरतील. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे सगळी एकदम येणार नाहीत. उच्चार ऐकून ठरवायला शिकवा: 'ॲन अवर', कारण एचचा उच्चार होत नाही, 'अ युनिव्हर्सिटी', कारण सुरुवातीला 'य' ऐकू येतो. वस्तू पहिल्यांदा आली की 'अ', तीच पुन्हा आली की 'द'. 'राइस', 'इन्फर्मेशन' यांना 'अ' लागत नाही आणि अनेकवचनाचा एसही नाही.

परिच्छेद दहाव्या तासिकेपासून, आधी नको. पाठ केलेला निबंध अजिबात नको, त्यात मुलाची चूक दिसतच नाही. विषय डोळ्यांसमोरचा द्या: भातलावणी कशी करतात. सहा वाक्यं, साधा वर्तमानकाळ, 'फर्स्ट', 'देन', 'आफ्टर दॅट' यांनी जोडलेली. तपासताना एका वहीत एकाच प्रकारची चूक अधोरेखित करा. पान लाल झालं की मूल काहीच वाचत नाही. बरोबर रूप तुम्ही लिहू नका. दुसऱ्या दिवशी पहिली १० मिनिटं त्यालाच दुरुस्त करू द्या आणि तोच परिच्छेद पुन्हा उतरवून घ्या.