मदत हवी आहे: स्विंडनच्या रेल्वे वसाहतीत कुणी राहतं का?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या स्विंडनवर लेख लिहितेय. १८४३ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना सुरू झाला आणि टेकडीवरच्या जुन्या बाजारगावाखाली नवं गावच वसलं. दगडी घरांच्या रांगा, चर्च, कामगारांची मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट (वाचनालय, वर्ग, करमणूक असलेली संस्था). मला सगळ्यात भिडला तो १८४७ चा मेडिकल फंड: पगारातून थोडे पैसे कापायचे आणि घरच्यांनाही डॉक्टर, औषधपाणी मिळायचं. त्या काळात!

कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. आता शहरात गोव्याची बरीच मंडळी आहेत. तुमच्यापैकी कुणी त्या जुन्या घरांत राहतं का? आतून ती कशी आहेत? शेजारपाजार अजून टिकून आहे का? आणि कारखान्यात काम केलेलं कुणी माझ्याशी बोलेल का? ओळख करून दिलीत तर फार उपकार होतील.