ड्रोन, फोन आणि १९४९चे करार: युद्धाचे कायदे कालबाह्य झालेत का?

खंदक:
युद्धात जखमी, कैदी आणि नागरिकांना संरक्षण देणारे जिनिव्हा करार १९४९चे, त्यांना जोडलेले पहिले दोन प्रोटोकॉल १९७७चे. आज युक्रेनमधला साधा माणूस सरकारी अ‍ॅपवरून रशियन रणगाडे कुठे दिसले ते कळवतो. तो नागरिक की टेहळ्या? ठिगळं लावणं पुरे झालं. ड्रोन, सायबर, एआय यांच्यासाठी नवा करारच हवा.

पाटीपेन्सिल:
असहमत. पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम ५१मध्ये उत्तर आहे: नागरिक लढाईत प्रत्यक्ष भाग घेईल तेवढ्या काळापुरतंच त्याचं संरक्षण जातं. कलम ३६ तर नवं शस्त्र कायद्यात बसतं का, हे आधीच तपासायला लावतं. कायमचं आंधळं करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५मध्ये बंदी आली, ती रणांगणावर सर्रास दिसण्याआधीच.

खंदक:
‘तेवढ्या काळापुरतं’ म्हणजे किती? त्याने फोटो पाठवला, फोन खिशात टाकला आणि घरी जेवायला बसला. तोफा त्यानंतर धडाडल्या. आता त्याच्यावर ड्रोन सोडलेला चालेल का? यावर कायदेपंडितांचंच एकमत नाही. आणि सप्टेंबर २०२४मध्ये लेबनॉनमध्ये हिजबुल्लाच्या लोकांकडचे, इस्रायलने आत स्फोटकं दडवलेले पेजर फुटले, त्याचं काय?

पाटीपेन्सिल:
पेजरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. खास स्फोटकं भरण्यासाठी बनवलेल्या, पण निरुपद्रवी दिसणाऱ्या, सहज नेता येणाऱ्या वस्तू वापरायला सुरुंग आणि सापळा-बॉम्बवरच्या १९९६च्या सुधारित प्रोटोकॉलने मनाई केली आहे. इस्रायल त्यात सामील आहे. नियम होता, पाळायला लावणारं कोणी नव्हतं. नवा करार केलात तरी तो माणूस कुठून आणणार?

सावकाश:
दोघांनाही एक आठवण. १८९९मध्ये हेगला बलूनमधून स्फोटकं टाकायला पाच वर्षांची बंदी झाली. १९०७मध्ये ती वाढवायची वेळ आली तेव्हा जर्मनी-फ्रान्सने सही केली नाही. विमानं उपयोगाची दिसू लागली होती ना! २०२५मध्ये लिथुआनिया क्लस्टर बॉम्बवर (एकातून अनेक छोटे बॉम्ब विखुरणारे) बंदी घालणाऱ्या करारातून बाहेर पडला. सीमेवर धोका वाढला की सह्या अशा पुसल्या जातात.

खंदक:
म्हणून काय हातावर हात ठेवून बसायचं? स्वायत्त, म्हणजे स्वतःच लक्ष्य निवडणाऱ्या, शस्त्रांवरच्या ठरावाला डिसेंबर २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १६६ मतं पडली, विरोधात फक्त ३.

पाटीपेन्सिल:
त्या तिघांत रशिया आहे. आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो, हेही लिहा की.

खंदक:
लिहितो. पण यंत्राने लक्ष्यांची यादी दिली, अधिकाऱ्याने न वाचताच होकार दिला आणि शाळा उडाली, तर आरोपपत्र कोणावर? तुमच्या जुन्या कायद्यातलं कलम सांगा.

पाटीपेन्सिल:
त्या अधिकाऱ्यावर. पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ५७ वाचा: लक्ष्य लष्करी आहे याची शक्य तेवढी खातरजमा करणं हल्ला ठरवणाऱ्यावरच आहे. यंत्रावर नाही.