एसटीच्या बॅगेतली चार नाणी: दोष टांकसाळीतला की नंतरचा?

निवृत्त_वाहक, सातारा

नमस्कार मंडळी. मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो. बॅगेत विचित्र नाणं आलं की ते बाजूला काढायचो आणि हिशेबात तेवढे पैसे खिशातून भरायचो. त्यातली तीन नाणी आणि आईने ठेवलेला एक रुपया, अशी चार आहेत.

१) स्टीलचा एक रुपया. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला तेच सिंह पण आरशातल्यासारखे उलटे आणि खोल गेलेले. साल कुठेच नाही.
२) पाच रुपयांचं जाड नाणं. कडेपासून ५ च्या आकड्यापर्यंत नागमोडी रेघ.
३) गेंड्याचे २५ पैसे, कडेला चावा घेतल्यासारखी खाच.
४) राणीच्या छापाचा १८६२ चा चांदीचा रुपया. सालाखाली ठिपके, आणि राणीच्या गालावर फुलासारखी बारीक खूण.

मुलगा म्हणतो, व्हिडिओत अशांना पाच लाख सांगतात. मला विकायची घाई नाही. खरं काय, ते कळायला हवं.

टांकसाळवेडा, पुणे

काका, आधी प्रत्येक खुणेवरून नख फिरवा. रेघ उंच लागते की खोल? ठशाला, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या साच्याला, तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उंच उमटते. खोल रेघ म्हणजे बहुधा नंतरचा ओरखडा.

रुपयाबद्दल वाचून मी खुर्चीतून उठलो! आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, की पुढच्या कोऱ्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचा दाब बसतो. म्हणून चित्र उलटं आणि खोल. बाजारात याला ‘लखी’ म्हणतात. पण दोन नाणी व्हाइसमध्ये (लोखंडी पकडीत) दाबूनही असं करतात. भिंगातून खोल बाजू बघा: एरवी तिथे असणारं कणीस, १ चा आकडा किंवा साल यांचा अंशही दिसला, तर ते नंतर दाबलेलं. दुसऱ्या बाजूचे सिंह चेपलेत का, तेही बघा. वजन ४.८५ ग्रॅमच्या आसपास हवं.

२५ पैशांच्या खाचेच्या बरोबर समोरची कड तपासा. पत्र्यातून चकती कापताना आधीच्या भोकावर कापणी पडली, तर समोरची कड बहुधा नीट उठत नाही, पुसट राहते. समोरची कड भरीव असेल तर बहुधा कुणीतरी कानस चालवली आहे.

सराफकट्टा, कोल्हापूर

चांदीच्या रुपयाचं मी सांगतो. १८६२ हे साल ठशावर तसंच ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले. मुंबई टांकसाळीने ठिपक्यांनी वेगवेगळी वर्षं दाखवली, असं संग्राहक मानतात. म्हणजे ठिपके दोष नव्हेत, ते ठशातच आहेत. गालावरचं फूल मात्र सराफाचा शिक्का. चांदी पारखून घेतल्यावर तो मारायचे. त्याने किंमत उतरते, पण मला असे रुपये फार आवडतात. कुणाच्या तरी हाताखालून गेल्याची खूण असते. वजन ११.६६ ग्रॅमच्या जवळ हवं, झिजेने थोडं कमी चालेल. आणि चमकवायला चिंच, राख, टूथपेस्ट काहीही लावू नका.

टांकसाळवेडा, पुणे

पाच लाखांचं विसरा. ‘आधी नोंदणी शुल्क भरा’ म्हणणारा दिसला की फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं.

निवृत्त_वाहक, सातारा

काल ओळखीच्या सराफाकडे काटा आणि भिंग दोन्ही मिळालं.

पाचच्या नाण्यावरची रेघ नखाला उंच लागते. २५ पैशांची समोरची कड अगदी भरीव, म्हणजे बहुधा कानसच. वाईट वाटलं, कारण सगळ्यात जास्त जपलं होतं तेच. आईचा रुपया ११.५ ग्रॅम भरला, सालाखाली दोन ठिपके आहेत.

आणि एक रुपया: ४.८४ ग्रॅम. खोल बाजूला कणीस नाही, आकडा नाही, सालाचा मागमूस नाही. दुसऱ्या बाजूचे सिंह धारदार. आरसा धरला तर खोल बाजूचं ‘भारत’ सरळ वाचता येतं.

टांकसाळवेडा, पुढच्या महिन्यात पुण्याला लेकीकडे येतोय. नाणं घेऊन येऊ का? तुम्ही हातात घेऊन बघावं अशी इच्छा आहे.

टांकसाळवेडा, पुणे

काका, जरूर या. पारदर्शक पाकिटात ठेवा, आणि धराल तेव्हा फक्त कडेने धरा.