मदत हवी आहे : हातच्याच्या वजाबाकीवर कृतिसंशोधन

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. वर्गातली बरीच मुलं ५२ − ३८ चं उत्तर २६ लिहितात. म्हणजे खाली-वर न बघता मोठ्या अंकातून लहान अंक सरळ वजा! यावर कृतिसंशोधन (आपल्याच वर्गातल्या अडचणीवर शिक्षकाने उपाय करून, परिणाम तपासण्याचा अभ्यास) करतेय: पूर्वचाचणी, मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सुटे करून वजाबाकी, शेवटी उत्तरचाचणी.

अडचण अशी की वर्ग एकच आणि पट कमी, त्यामुळे तुलनेला दुसरा गट नाही. नुसती सरासरी वाढली असं दाखवण्यापेक्षा प्रत्येक मुलाच्या चुकीचा प्रकार नोंदवावा, असं मला वाटतं. तुम्ही अशा नोंदी कशा ठेवता? उत्तरचाचणीत काड्या हाताशी द्यायच्या का? अहवालाचा साचा मात्र नको, तो ढिगाने मिळतो.