मिनेसोटा १९६२ : गव्हर्नर एका पक्षाचा नि त्याचा डेप्युटी दुसऱ्या पक्षाचा, हे काय गौडबंगाल आहे?

कोपऱ्यातला_वाचक
मंडळी, एक बावळट प्रश्न आहे, हसू नका. अमेरिकेतल्या जुन्या राज्य निवडणुकांचे निकाल चाळायचा नाद लागलाय हल्ली (रात्री झोप येत नाही, दुसरं काय), तर मिनेसोटाच्या १९६२ च्या निकालापाशी गाडी अडकली. गव्हर्नर कार्ल रोल्वाग, पक्ष डीएफएल (डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर, म्हणजे तिथले डेमोक्रॅट). ॲटर्नी जनरल वॉल्टर मॉन्डेल, तोही डीएफएल, म्हणजे हाच तो पुढे कार्टरचा उपराष्ट्राध्यक्ष झाला तो. पण ऑडिटर स्टॅफर्ड किंग रिपब्लिकन नि ट्रेझरर व्हॅल ब्यॉर्नसन पण रिपब्लिकन! एकाच दिवशी, त्याच लोकांनी मतं दिली ना? मग तिजोरी एका पक्षाकडे नि खुर्ची दुसऱ्याकडे असं कसं? आणि त्याच्या आधीच्या टर्मचं तर विचारूच नका, १९६१ पासून गव्हर्नर एल्मर अँडरसन रिपब्लिकन आणि लेफ्टनंट गव्हर्नर हाच रोल्वाग. म्हणजे डेप्युटीच विरोधी पक्षाचा. जरा इस्कटून सांगा कुणीतरी.

आणि हो, १९६२ ला गव्हर्नरच्या लढतीत फरक फक्त ९१ मतांचा दिसतोय, ती छपाईची चूक आहे का?

पाटी_पेन्सिल
छपाईची चूक नाही, ९१ च. त्यावर जाणकार लिहितीलच, मी पहिल्या प्रश्नाचं सांगतो.

आधी डोक्यातून आपला राज्यपाल काढून टाका, तिथला गव्हर्नर म्हणजे थेट लोकांनी निवडलेला राज्याचा कारभारी. पण मंत्रिमंडळ सगळं त्याच्या मर्जीचं असतं असं नाही. सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका नि नोंदी बघणारा), ऑडिटर, ट्रेझरर, ॲटर्नी जनरल ही पदं पण लोकच निवडतात, प्रत्येकाची निवडणूक स्वतंत्र, मतपत्रिकेवर प्रत्येकाचा चौकोन वेगळा. एकोणिसाव्या शतकात लोकांच्या डोक्यात हे पक्कं बसलं होतं की एकाच माणसाच्या हातात सगळ्या किल्ल्या द्यायच्या नाहीत, हिशेब तपासणारा तर अजिबात त्याच्या मर्जीतला नको. म्हणून मतपत्रिका ही लांबलचक.

आता किंगसाहेबांचं बघा, हा माणूस १९३१ पासून ऑडिटर. एवढ्या वर्षांत गव्हर्नर किती आले नि गेले, हा आपला जागच्या जागी. लोकांना नाव पाठ झालेलं. वर डेमोक्रॅटवर फुली, खाली किंगवर फुली, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

लेफ्टनंट गव्हर्नरचंही तेच, त्या काळी मिनेसोटात तो गव्हर्नरबरोबर जोडीने नाही, सुटा निवडून यायचा. काम मुख्यतः राज्याच्या सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसायचं. रोल्वाग १९५४ ला ऑर्व्हिल फ्रीमनच्या लाटेत त्या पदावर आला, १९६० ला फ्रीमन पडला पण हा टिकला.

कोपऱ्यातला_वाचक
अरे वा. पण मग डेप्युटी आपल्याच गव्हर्नरच्या विरोधात उभा राहिला १९६२ ला? एकाच इमारतीत बसून??

तिरकस
हो. आणि जिंकला. आपल्या ऑफिसात पण असतात असे, फक्त तिथे मतपत्रिका नसते.

फेरमोजणी_फॅन
आलो आलो. हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे लांबण लागेल, आधीच माफी.

६ नोव्हेंबर १९६२ ला मतदान. त्या वर्षीपासून गव्हर्नरची टर्म दोनाची चार वर्षं होणार होती म्हणजे डाव दुप्पट मोठा. मतदान झालं नि कोण जिंकलं तेच कळेना. आकडे रोज हलायचे, आज हा पुढे उद्या तो. मग काही काउंट्यांनी आमची बेरीज चुकली होती म्हणून दुरुस्त आकडे पाठवले, ते घ्यायचे की नाही यावरून जुंपली, प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्ट म्हणालं घ्या, आणि अँडरसन १४२ मतांनी पुढे गेला. रोल्वागने फेरमोजणी मागितली.

इथून खरी मजा. तेव्हा बऱ्याच ठिकाणी कागदी मतपत्रिका होत्या, पेन्सिलीने चौकोनात फुली मारायची. फेरमोजणीला टेबलं मांडली, प्रत्येक टेबलाला तीन माणसं, एक रिपब्लिकन, एक डीएफएलचा, एक तटस्थ. आता डोळ्यासमोर आणा, एकेक कागद उचलायचा नि तिघांनी बघायचा. फुली चौकोनाच्या बाहेर गेली, चालेल का? फुलीऐवजी टिक केली, धरायची का? दोन्ही नावांवर फुली आहे पण एक खोडल्यासारखी वाटते, मग? कुणी कागदावर काहीबाही गिरमिटलंय, ती मतदाराने ठेवलेली ओळखीची खूण आहे की नुसती पेन्सिल घसरली? खूण ठरली तर मत बाद. साहजिकच दोन्हीकडच्यांनी समोरच्याच्या मतांवर हरकती घ्यायचा सपाटा लावला, हरकती हजारोंनी. शेवटी उरलेल्यांचा निवाडा तीन जिल्हा न्यायाधीशांच्या पॅनेलने केला.

तोवर जानेवारी उजाडला, नवी टर्म सुरू व्हायची वेळ झाली, पण गव्हर्नरच ठरलेला नाही, म्हणून अँडरसन तसाच खुर्चीत राहिला. मार्च १९६३ मध्ये निकाल लागला. रोल्वाग ६,१९,८४२, अँडरसन ६,१९,७५१. वजाबाकी करा. अँडरसनला वर अपील करता आलं असतं, केलं नाही, आणि २५ मार्चला रोल्वागचा शपथविधी झाला. मतदानापासून १३९ दिवस! माणूस म्हणून मला अँडरसन जास्त आवडतो खरं सांगायचं तर, गोंद बनवायच्या कंपनीचा मालक, पण खुर्चीला चिकटला नाही 😀

पाटी_पेन्सिल
शेवटचा पीजे माफ केला जाणार नाही.

हायवे_३५
माझं नाव बघून कळलंच असेल मी काय सांगणार ते. अँडरसन हरला तो रस्त्यामुळे. मतदानाला थोडे दिवस उरलेले असताना डीएफएलवाल्यांनी बोंब मारली की हिंक्लीजवळ इंटरस्टेट ३५ चं काँक्रीट घाईघाईत नि निकृष्ट ओतलंय, का तर गव्हर्नरला निवडणुकीआधी फीत कापता यावी म्हणून. ह्युबर्ट हम्फ्रीसारखा सिनेटर पण त्यात उतरला. निवडणुकीनंतर आरोपात फारसा दम नसल्याचं दिसलं, पण तोपर्यंत मतं पडून गेली होती. ९१ मतांत हे धरा ना.

तिरकस
हे नेहमीचं झालं. १२ लाख ३९ हजारांतली ९१ मतं आहेत ती, एवढ्याशा फरकात प्रत्येक जण आपलं आवडतं कारण बसवू शकतो. रस्ता म्हणा, टॅकोनाइट (हलक्या प्रतीचं लोहखनिज) खाणींच्या टॅक्सचा वाद म्हणा, त्या दिवशी एखाद्या गावात पाऊस पडला म्हणा. नव्वदएक माणसं घरी बसली असती तरी निकाल फिरला असता. रस्त्याने नुकसान केलं असेल, नाही म्हणत नाही, पण 'रस्त्यामुळे हरला' हे वाक्य एवढ्या ठामपणे लिहू नका.

हायवे_३५
नव्वद-ब्याण्णव मतंच फिरवायची होती, म्हणून तर म्हणतोय की रस्ता पुरेसा होता! मी एकमेव कारण म्हणालोच नाही.

तिरकस
"हरला तो रस्त्यामुळे" हे तुमचंच वाक्य आहे, वर जाऊन बघा.

हायवे_३५
बरं. "रस्त्यामुळेही". खूश?

मिशिगनवाली
थोडं अवांतर, पण हा प्रकार एकट्या मिनेसोटाचा नाही. मिशिगन १९५० बघा, गव्हर्नर मेनन विल्यम्स (तो हिरवा, पांढऱ्या ठिपक्यांचा बो टाय लावायचा तो) विरुद्ध माजी गव्हर्नर हॅरी केली. विल्यम्स ११५४ मतांनी आला. तो डेमोक्रॅट, आणि लेफ्टनंट गव्हर्नर निवडून आला विल्यम व्हँडेनबर्ग, रिपब्लिकन. सेक्रेटरी ऑफ स्टेट फ्रेड अल्जर, तोही रिपब्लिकन. म्हणजे विल्यम्स बिचारा घरात एकटा. तरी हा माणूस लागोपाठ सहा वेळा निवडून आला, दोन-दोन वर्षांच्या टर्मा. त्यामुळे 'विरोधी डेप्युटी म्हणजे कारभार ठप्प' असं काही नसतं, लोक माणूस बघून मत द्यायचे.

कोपऱ्यातला_वाचक
धन्यवाद सगळ्यांना, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं. शेवटचा प्रश्न, मिनेसोटात अजूनही सुटे सुटे निवडतात का?

पाटी_पेन्सिल
गव्हर्नर नि लेफ्टनंट गव्हर्नर आता जोडीने, एकच फुली. १९७२ ला घटनादुरुस्ती मंजूर झाली, १९७४ ची निवडणूक पहिली. ऑडिटर, ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट अजून वेगळे. ट्रेझररचं पद नंतर बंदच केलं.

फेरमोजणी_फॅन
आणि जोडी करायची अक्कल का सुचली असेल त्याचा एक नमुना. १९६२ ला रोल्वागसोबत लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून आला सँडी कीथ, या वेळी पक्ष तोच, डीएफएल. वाटलं असेल आता तरी निवांत. तर १९६६ ला हाच कीथ रोल्वागच्या विरोधात उभा राहिला, पक्षाच्या अधिवेशनात वीस फेऱ्या मतदान झालं नि पक्षाने आपल्याच गव्हर्नरला सोडून कीथला पाठिंबा दिला. रोल्वाग हटला नाही, प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायला मतदारच मत देतात ती निवडणूक) कीथला पाडलं, आणि नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन हॅरोल्ड लेव्हँडरकडून स्वतः पडला.

तिरकस
डेप्युटी असताना साहेबाला पाडलं, साहेब झाल्यावर डेप्युटीने घोळात घेतलं. या वेळी फेरमोजणी लागली नाही म्हणजे.

फेरमोजणी_फॅन
नाही ना, म्हणूनच मला १९६६ आवडत नाही.