'तारेवरची कसरत', धाडस की साहस?

'मॅन ऑन वायर' (२००८) हा माहितीपट नुकताच पाहिला. फिलिप पेटी या फ्रेंच डोंबाऱ्याने, हो, डोंबारीच म्हणते, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांमध्ये चोरून रातोरात पोलादी तार बांधली आणि ७ ऑगस्ट १९७४ च्या सकाळी तो तिच्यावर उतरला. जमिनीपासून सुमारे ४०० मीटर उंच. खाली जाळी नाही, कमरेला दोर नाही. जवळपास पाऊण तास तो तारेवर होता. गुडघा टेकला, चक्क उताणा पडला.

याला 'तारेवरची कसरत' म्हणवेना. मराठीत ही कसरत अर्थमंत्री करतात, घर आणि नोकरी सांभाळणारी बाई करते, आघाडीचं सरकार चालवणारा मुख्यमंत्री करतो. त्यात नाइलाज आहे, कुणी हौसेने तिथे चढत नाही. पेटी तर सहा वर्षं या एका तारेच्या ध्यासात होता. मग त्याने केलं ते धाडस की साहस? तुम्ही या दोन शब्दांत फरक करता का?

प्रतिसाद १

करतो. धाडस अंगात असतं, साहस हातून घडतं. 'साहेबांना विचारायचं धाडस होत नाही' असं आपण म्हणतो; तिथे 'साहस' घातलं की वाक्य हिंदी वाटतं. उलट 'पुरात गाडी घालायचं साहस करू नका' यात कौतुक नाही, दटावणी आहे.

ही दटावणी जुनी आहे. सहस् म्हणजे बळ, त्यावरून साहस म्हणजे बळाने केलेलं कृत्य, आणि धर्मशास्त्रात तो थेट गुन्हा. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे खटल्यांच्या प्रकारांत, साहस आहे. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव: प्रथम साहस २५० पण (पण म्हणजे तेव्हाचं नाणं), मध्यम ५००, उत्तम १०००. पेटी तारेवरून उतरला तो पोलिसांच्या हातात. सेंट्रल पार्कमध्ये मुलांसाठी फुकट खेळ करायचा, या अटीवर त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. म्हणून माझं मत 'साहस'ला. गुन्हा आणि पराक्रम दोन्ही एकाच शब्दात मावतात, असा दुसरा शब्द मला तरी आठवत नाही.

(जाता जाता: 'सहसा'ही त्याच घरातला. संस्कृतात 'एकाएकी', मराठीत 'बहुतेक वेळा'. कुठून कुठे आला!)

प्रतिसाद २

साहस पटलं, पण कसरतीला इतक्यात निकालात काढू नका. मूळ अरबी शब्दाचा अर्थ विपुलता. त्यातून पुन्हा पुन्हा करणं, मेहनत, व्यायाम. माहितीपटात फ्रान्समधल्या कुरणातला सराव आहे बघा. तार जमिनीपासून थोडीच वर, पेटी तिच्यावर, आणि दोस्तमंडळी ती तार जोरजोराने हलवताहेत, वरच्या वाऱ्याची सवय व्हावी म्हणून. ती अस्सल कसरत. तिचा नाइलाजाशी काही संबंध नाही. तो अर्थ वर्तमानपत्रांनी चिकटवला.

मला खरी मजा वाटली ती सामानाची. बाणाला मासेमारीची बारीक दोरी बांधून तो एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर सोडला, मग तिच्यामागून जाड दोर, आणि शेवटी पोलादी तार ओढली. हातातली काठी सुमारे ८ मीटर लांब आणि २५ किलोंच्या आसपास. आपल्याकडे दोरावरची डोंबाऱ्याची पोर बांबू आडवा धरते, त्यामागचं कारण तेच: वजन दोन्ही बाजूंना लांबवर पसरलं की माणूस कलंडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तोल सावरता येतो.

आणि एक शब्द सुचवतो. मुख्य तार झुलू नये, पिळू नये म्हणून तिला आडवे दोर बांधून ताणतात. मराठी उपशीर्षकं करायची झाली तर तिथे 'आधार-दोर' वगैरे नको. तंबू उभा धरणाऱ्या दोराला आपल्याकडे 'तणावा' म्हणतात. तोच इथे चपखल बसेल. आमच्या भागात विजेच्या खांबाला तिरपी बांधलेली तार म्हणजे नुसता 'ताण'. मांडववाले, सर्कसवाले आज यातलं काय वापरतात, ते कुणी सांगितलं तर फार बरं होईल.